अकरा महिन्यांचे जमीनदार

१ एप्रिल १९५७ रोजी तत्कालीन मुंबई राज्यात कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. नांगराला हात न लावता, गावाचे तोंडही न पाहता खंडावर जगणारा गैरहजर जमीनदार त्या दिवशी इतिहासजमा झाला, असे आपण समजत होतो. तो समज भाबडा होता. जमीनदार नाहीसा झाला नाही, त्याने स्थलांतर केले. आज तो टोरांटोत, दुबईत किंवा न्यू जर्सीत राहतो. त्याचे शेत कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर असते आणि त्याचा खंड दरमहा बँकेच्या अनिवासी खात्यात जमा होतो. त्यांपैकी कित्येक आपल्याच साथींची मुले आहेत. प्रस्तुत लेखकही अडीच वर्षे त्यांच्यात मोडत होता. पुढील टीका म्हणूनच प्रथम मला लागू आहे.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता कॅनडात लेकीकडे गेलो. घर बंद ठेवण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावे, हा हेतू प्रामाणिक होता. दलालाने छापील मसुदा पुढे केला, त्यावर अकरा महिने लिहिलेलेच होते. मी सही केली, पुतण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले आणि विमानात बसलो. जन्मभर वर्गात खंडाचा सिद्धान्त शिकविलेल्या माणसाने ‘अकराच का?’ एवढाही प्रश्न विचारला नाही!

तो प्रश्न विचारावयास हवा होता. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे केले, ते टाळण्यासाठी अकरा महिन्यांची युक्ती निघाली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आला आणि त्याच्या ५५ व्या कलमाने ती युक्ती निरर्थक ठरविली. करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती चुकविल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाचीही तरतूद आहे. उलट साठ महिन्यांपर्यंतच्या करारास मुद्रांक शुल्काचा शेकडा पाव हा सवलतीचा दर मिळतो. मग पाव शतक उलटून गेल्यावरही अकरा महिने का टिकून आहेत? कायद्याला त्यांची गरज नाही, मालकाला आहे. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढविता येते, दलालाला पुन्हा दलाली मिळते आणि भाडेकरू नळ गळतो म्हणून तक्रार करण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

आमच्या घरी एक परिचारिका, तिचा नवरा आणि शाळकरी मुलगा राहत होता. न्हाणीघराची भिंत ओली झाली तेव्हा पुतण्या म्हणाला, “काकांना विचारल्याशिवाय मी खर्च कसा करू?” काका साडेनऊ तास मागे झोपलेले. भिंत पावसाळाभर ओलीच राहिली. दहाव्या महिन्यात त्या बाईंचा दूरध्वनी आला. गळतीचा शब्दही न काढता त्या म्हणाल्या, “सर, मुलाची पुढच्या वर्षाची फी भरू का?” मला क्षणभर अर्थबोध झाला नाही. आपला मुलगा कोणत्या शाळेत जाईल हे त्या मला, सात समुद्रांपलीकडच्या माणसाला, विचारीत होत्या. कारण ते माझ्या हाती होते.

यावर आपलेच काही साथी म्हणतील की मालकाचे भय निराधार नाही. एके काळी ते नव्हतेच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली; १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूंचे संरक्षण दिले. त्या गोठवणीचे समर्थन आपण गरजेपेक्षा फार काळ केले. चाळी ढासळल्या, पागडी फोफावली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणी मनमानी ठरल्याचे सांगितले. ही चूक कबूल करण्यात कमीपणा नाही. परंतु आजचा कायदा तो नव्हे. २४ व्या कलमान्वये मुदत संपताच घर परत करावे लागते, न केल्यास दुप्पट शुल्क भरावे लागते. आणि सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी मिळाल्यावाचून परवानाधारकास दाव्यात बचावसुद्धा मांडता येत नाही. पारडे पूर्णपणे मालकाकडे झुकले असताना तो आजोबांच्या काळचे भय उराशी धरून बसला आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता. त्यात या भयाचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

कराची गोष्ट तर अधिक लाजिरवाणी. मालक अनिवासी ठरला की भाडे कितीही अल्प असो, त्यातून शेकडा तीसहून अधिक कर कापून सरकारात भरण्याचे ओझे भाडेकरूवर पडते. मालकाने आपले अनिवासित्व दडविले, भाडे आईच्या खात्यात घेतले, तरी कसूरदार तो बिचारा भाडेकरू!

‘राहील त्याचे घर’ अशी घोषणा मी देत नाही. कूळ कायद्यानेही विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांचा वेगळा विचार केला होता. एका घराचा मालक भांडवलदार नसतो. भाडेकरू आणि घरमालक यांचे नाते मजूर-भांडवलदाराचे नव्हे, हे एंगल्सने १८७२ मध्येच बजावले होते. पण कोथरूडचे भाडे वाढते ते माझ्या कष्टाने नव्हे. रस्ता, पाणी, शाळा आणि हजारोंचे श्रम यांनी त्या जागेला मोल येते. रिकार्डोच्या भाषेत तो खंड आहे, आणि तो खाणाऱ्यावर निदान स्थैर्य देण्याचे ऋण आहे.

दुसरा करार मी छत्तीस महिन्यांचा केला. वाढीचा दर आरंभीच लिहिला. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच घेतली, केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातही तीच मर्यादा आहे. पुतण्याला दुरुस्तीसाठी न विचारता खर्चण्याची रक्कम ठरवून दिली आणि अनिवासी असल्याचे करारात स्पष्ट नोंदविले. दलाल रुसला. मुदतीपूर्वी परतलो तेव्हा आम्ही सात महिने बहिणीकडे राहिलो. गैरसोय झाली, ती आमची होती.

व्यक्तीच्या सद्बुद्धीवर मात्र धोरण उभे राहत नाही. निवासी परवान्याची किमान मुदत छत्तीस महिने असावी, स्वतः राहावयास येणाऱ्या मालकाला सहा महिन्यांची सूचना देऊन घर परत मिळावे, आणि भाडेकरूला मात्र दोन महिन्यांच्या सूचनेने केव्हाही जाता यावे, अशी दुरुस्ती २४ व्या कलमात करण्याची मागणी पक्षाने विधिमंडळासमोर ठेवावी. ज्या साथींची मुले परदेशी आहेत आणि ज्यांच्याकडे कुलमुखत्यारपत्रे आहेत, त्यांनी या मागणीवर पहिल्या सह्या कराव्यात. माझी सही सोबत पाठवीत आहे.