प्रतिमा, मनोबिंब आणि रसिकतेची कसोटी

मराठी काव्यसमीक्षेत ‘प्रतिमा’ ही संज्ञा ज्या निर्वेधपणे वापरली जाते, तो निर्वेधपणा संशय यावा असा आहे. कवितासंग्रहाचे परीक्षण असो, विद्यापीठीय प्रबंध असो की पदव्युत्तर परीक्षेची उत्तरपत्रिका असो, ‘कवीने डोळ्यांसमोर चित्र उभे केले आहे’ हे वाक्य त्यात प्रशस्तिपत्रासारखे येते आणि ‘प्रतिमा धूसर राहतात’ हे वाक्य दोषारोपासारखे. ‘चित्रदर्शी’ हे विशेषण तर आपण इतक्या वेळा वापरले आहे, की ते वर्णन आहे की मूल्यनिर्णय, हा प्रश्नही आता कोणी विचारीत नाही.

या शब्दप्रयोगांमागे तीन विधाने दडलेली आहेत. कवितेतील शब्द वाचकाच्या मनात चित्रे निर्माण करतात, हे पहिले. ही चित्रे जितकी स्पष्ट तितकी प्रतिमा समर्थ, हे दुसरे. ज्याच्या मनात अशी चित्रे उमटत नाहीत त्याची रसिकता अपुरी, हे तिसरे. पहिले विधान मानसशास्त्रीय आहे, दुसरे मूल्यविषयक आहे आणि तिसरे वाचकाबद्दलचा निवाडा आहे. पहिले विधान सरसकट स्वरूपात असत्य आहे. त्यामुळे दुसरे निराधार ठरते आणि तिसरे अन्यायकारक, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

१

सर्व माणसांना मनात चित्रे दिसतात, आणि ती जवळपास सारखीच दिसतात, ही समजूत निदान १८८० पासून तरी टिकू नये अशी होती. त्या वर्षी फ्रान्सिस गॉल्टन याने ‘माइंड’ या नियतकालिकात आपल्या प्रश्नावलीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज सकाळी ज्या टेबलावर न्याहारी केली ते टेबल आठवा, असे त्याने लोकांना सांगितले. आणि मनात येणारे चित्र उजळ आहे की अंधूक, रेखीव आहे की पुसट, त्यात रंग आहेत की नाहीत, असे प्रश्न विचारले. शंभर पुरुषांची उत्तरे त्याने स्पष्टतेच्या क्रमाने लावली. एका टोकाला प्रत्यक्ष पाहिल्याइतके स्पष्ट चित्र सांगणारे होते. दुसऱ्या टोकाला काहीच न दिसणारे होते. या दुसऱ्या गटातील काहींना तर ‘मनश्चक्षू’ हा केवळ आलंकारिक शब्दप्रयोग आहे असेच आजवर वाटत आले होते. वैज्ञानिकांमध्ये ही शक्ती विशेष दुर्बळ असते, हा गॉल्टनचा निष्कर्ष २००६ मधील फेरतपासणीत टिकला नाही. माणसामाणसांत असा भेद असतो, हे त्याचे मूळ निरीक्षण मात्र टिकले.

१९७३ मध्ये डेव्हिड मार्क्स यांनी मनोबिंबांची स्पष्टता मोजणारी सोळा प्रश्नांची श्रेणी तयार केली. २०१० मध्ये ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. हृदयावरील एका उपचारानंतर या गृहस्थाच्या मनातील चित्रे अचानक नाहीशी झाली होती. तरीही दृश्य स्मरणाच्या चाचण्यांत त्याची उत्तरे सामान्य माणसाइतकीच बरोबर येत होती. हे वाचून ‘आम्ही जन्मापासून असेच आहोत’ असे कळविणारे लोक पुढे आले. अशा एकवीस जणांवर आधारलेल्या २०१५ च्या लेखात झेमन यांनी या अवस्थेला ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. ही संज्ञा अॅरिस्टॉटलच्या ‘फँटासिया’ या शब्दाला नकारार्थी उपसर्ग जोडून सिद्ध केली आहे. आजच्या अंदाजांनुसार शंभरांत एक ते चार माणसे या वर्गात मोडतात. दुसऱ्या टोकाला, ज्यांची मनोबिंबे प्रत्यक्षासारखी ठसठशीत असतात अशांचाही एक गट आहे.

हा भेद केवळ सांगण्याच्या पद्धतीतला असेल, अशी शंका घेता येते. पण तिचेही निरसन झाले आहे. उजळ वस्तू कल्पिली की बहुतेकांची बाहुली किंचित आकुंचन पावते. ज्यांना चित्रे दिसत नाहीत त्यांच्या बाबतीत तसे होत नाही, असे जोएल पिअर्सन यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखविले.

या वस्तुस्थितीतून समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट निष्पन्न होते. ‘डोळ्यांसमोर उभे राहिले’ हे वाक्य वर्गातील सर्वजण बोलतात. परंतु त्यातून प्रत्येकाला अभिप्रेत असलेला अनुभव एकच नसतो. कोणी त्यातून प्रत्यक्ष चित्राचा निर्देश करतो, कोणी अंधूक आभासाचा, तर कोणी केवळ ‘नीट समजले’ एवढेच सांगत असतो. आपल्या समीक्षेची परिभाषा हा भेद झाकून ठेवते. जी परिभाषा परस्परभिन्न अनुभवांना एकच नाव देते, तिच्यावर मूल्यमापनाचा निकष उभारणे हे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय नाही.

२

पाश्चात्त्य विचारातून आपण ‘इमेज’ उचलली, पण तिच्याबरोबर आलेले इशारे उचलले नाहीत. एडमंड बर्क याने १७५७ मध्येच असे प्रतिपादन केले होते, की शब्दांचा परिणाम मनात चित्र उभे राहिल्यामुळे होतो असे नाही. कित्येकदा तो चित्रावाचूनच होतो. त्याचा दाखला होता थॉमस ब्लॅकलॉक या अंध कवीचा, ज्याची निसर्गवर्णने डोळस वाचकांना भावत होती. आपल्याकडे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५) उदाहरण आहे. अगदी लहानपणी दृष्टी गेलेल्या या ग्रंथकाराच्या विपुल वाङ्मयाकडे आपण भक्तिभावाने पाहिले; त्यातील दृश्यवाचक शब्दांचा व्यापार कसा चालतो, याचा विचार काव्यशास्त्राने करावयास हवा होता, तो केला नाही. अंधत्व आणि मनोबिंबांचा अभाव या अर्थातच भिन्न गोष्टी आहेत. परंतु शब्द आणि चित्र यांचा संबंध अपरिहार्य नाही, हे दोन्हींतून सिद्ध होते.

आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२४ मध्ये हा मुद्दा थेट काव्यसमीक्षेत आणला. प्रतिमेच्या ऐंद्रिय स्पष्टतेला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. तिचे सामर्थ्य संवेदनेशी तिचा जो विशिष्ट मानसिक संबंध असतो त्यात आहे, आणि चित्रांवाचूनही तो संबंध संभवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ मधील वाचनप्रयोगांत तर मनात भलतीकडची चित्रे उमटणे हा कविता समजण्यातील एक अडथळा म्हणूनच त्यांनी नोंदविला. ज्याच्या मनात ठसठशीत चित्र उमटते, ते बहुधा त्याच्या स्वतःच्या गावातील, त्याच्या स्वतःच्या बालपणातील असते. कवितेतील नदी वाचताना तो आपली नदी पाहू लागतो आणि कविता मागे पडते. मनोबिंबांची समृद्धी ही आस्वादाची हमी तर नाहीच. प्रसंगी ती त्याच्या आड येते.

चित्रे पाहणाऱ्यांच्या चित्रांचीही अवस्था तपासण्यासारखी आहे. पॅरिसमधील पँथेऑन मला मनात स्पष्ट दिसते, असे म्हणणाऱ्याला त्याचे खांब मोजावयास सांगितले तर ते मोजता येत नाहीत, हा आलँ यांचा दाखला सार्त्र यांनी कल्पनेवरील आपल्या १९४० च्या ग्रंथात विचारात घेतला आहे. कादंबरीवरून काढलेला चित्रपट पाहताना ‘ती अशी नव्हती’ असे आपण ठामपणे म्हणतो. ‘मग कशी होती?’ या प्रश्नाला मात्र आपल्यापाशी उत्तर नसते. वोल्फगांग इझर यांनी याच अनुभवाच्या आधारे वाचनातील कल्पित चित्रांचे दृश्यदारिद्र्य दाखवून दिले.

३

आपल्या परंपरेत साक्षात्काराची भाषा आहे, असा आक्षेप येथे संभवतो, आणि तो वजनदार आहे. वाक्यार्थ कळल्यानंतर उद्भवणारी प्रतीती अभिनवगुप्ताने मानस साक्षात्काराच्या स्वरूपाची मानली आहे. रसप्रतीतीच्या विघ्नांत त्याने स्फुटत्वाच्या अभावाची गणना केली आहे. तेव्हा ‘डोळ्यांसमोर उभे राहणे’ हा देशी निकषच आहे, असे कोणी म्हणेल.

परंतु या साक्षात्काराचे वैशिष्ट्य अभिनवगुप्त कशात पाहतो? विशिष्ट देश, विशिष्ट काळ, विशिष्ट व्यक्ती ही बंधने गळून पडण्यात. पळणाऱ्या हरिणाचे वर्णन ऐकताना भय साधारणीकृत होते. ते या हरिणाचे राहत नाही, त्या राजाकडून आलेले राहत नाही. उलट चित्र हे नेहमी या किंवा त्या वस्तूचे असते. त्याला विशिष्टता टाळता येत नाही. अस्फुटतेवरचा उपाय म्हणून अभिनवगुप्त नाट्यातील अभिनयाकडे निर्देश करतो; प्रेक्षकाच्या मनातील चित्रशक्ती तो मोजीत नाही. शिवाय भूत-भविष्यातील पदार्थ प्रत्यक्षवत् भासणे या गुणाला भामहाने ‘भाविक’ असे स्वतंत्र नाव दिले. आणि पुढे मम्मटानेही तो अलंकारांतच गणला. ही तारतम्यबुद्धी ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी ज्याला काव्याच्या अनेक विशेषांपैकी एक मानले, त्याला आपण काव्यत्वाची कसोटी करून बसलो.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वर आपल्या बोलांचे वर्णन करताना म्हणतात, की त्यांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांमध्ये कलह माजेल. मराठीतील या अत्यंत प्रसिद्ध प्रतिमेचे चित्र मनात आणून पाहावे. कानातून बाहेर आलेली जीभ हे दृश्य विद्रूप आहे. तरीही ही प्रतिमा शतकानुशतके श्रोत्यांना मोहवीत आली, कारण तिचे कार्य चित्राने होत नाही. ऐकणे आणि चाखणे या दोन क्रियांची अर्थक्षेत्रे ती एकमेकींत मिसळते, आणि हे मिसळणे भाषेत घडते. मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ हे तत्त्व मांडले, तेव्हा दोन वस्तूंना जोडणारा दुवा बाह्य साम्यात न शोधता भावनेच्या समानतेत शोधला. हे तत्त्व आपण पाठ केले. त्याचा ‘चित्रदर्शी’ या विशेषणावर काय परिणाम व्हावयास हवा, हे मात्र पाहिले नाही.

एक साधे वाक्य घेऊ : ‘ओसरीवरचा झोपाळा हलत नव्हता.’ या वाक्याचे चित्र काढावयाचे झाल्यास स्थिर झोपाळ्याचे निघेल. पण स्थिर झोपाळा आणि ‘न हलणारा’ झोपाळा एक नव्हेत. दुसऱ्यात पूर्वी हलण्याची स्मृती आहे, तो हलविणाऱ्याची अनुपस्थिती आहे, कदाचित मृत्यू आहे. हे सर्व ‘नव्हता’ या क्रियापदात आहे, आणि नकाराचे चित्र निघत नाही. ज्याला मनात काहीही दिसत नाही असा वाचक या वाक्यातील शोक पूर्णपणे ग्रहण करू शकतो. आणि ज्याला झोपाळ्याच्या कड्यांवरचा गंजसुद्धा दिसतो असा वाचक तो शोक चुकवू शकतो. आपल्या निर्गुणपर काव्याचा फार मोठा भाग अशा नकारांवरच उभा आहे.

४

प्रतिपक्षाच्या बाजूने सर्वांत सबळ पुरावा प्रयोगशाळेतून आला आहे, आणि तो टाळून चालणार नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भीतिदायक प्रसंगांची वर्णने पडद्यावर वाचावयास देऊन वाचकांच्या त्वचेची विद्युत्-वाहकता मोजली गेली. सामान्य वाचकांत ती वाढत गेली. चित्रे न दिसणाऱ्यांत ती जवळपास सपाट राहिली. भीतिदायक छायाचित्रे दाखविली तेव्हा मात्र दोन्ही गटांचा प्रतिसाद सारखा होता. तर मग हे वाचक शब्दांतून भावना अनुभवीतच नाहीत, असे म्हणावे काय?

असा निष्कर्ष घाईचा होईल. त्या प्रयोगातील वर्णने वाचकाला थेट प्रसंगात लोटणारी होती. कल्पनाचित्रातून भय निर्माण व्हावे, हाच त्यांचा हेतू होता. आणि त्वचेने जे नोंदविले ते लौकिक भय होते. भय हा भाव आणि भयानक हा रस यांत आपल्या शास्त्राने जो भेद केला, तो या ठिकाणी निर्णायक आहे. घामाने हात ओले होणे हाच आस्वाद असता, तर कोणतीही बटबटीत भयकथा शोकान्तिकेपेक्षा श्रेष्ठ ठरली असती. त्या प्रयोगाने एवढेच दाखविले, की मनोबिंबे ही काही वाचकांत भावना तीव्र करणारे एक साधन आहेत. ते मान्यच आहे. एक साधन म्हणजे एकमेव साधन नव्हे.

५

हा वाद निव्वळ परिभाषेचा नाही. ‘अफँटेशिया’चे मराठीकरण करताना ‘कल्पनाहीनता’ हा शब्द सहज सुचेल, आणि तो घातक आहे. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल आणि डिस्नेचे विख्यात अॅनिमेटर ग्लेन कीन यांनी आपल्याला मनात चित्रे दिसत नाहीत असे जाहीरपणे सांगितले आहे. त्यांना कल्पनाहीन म्हणण्याचे धाडस कोण करील? कल्पनाशक्ती आणि मनश्चित्रशक्ती यांची गल्लत आपल्या भाषेत आधीच पुरेशी झाली आहे. ‘मनोबिंबाभाव’ हा शब्द बोजड असला तरी प्रामाणिक आहे.

त्याच न्यायाने समीक्षेत ‘प्रतिमा’ आणि ‘मनोबिंब’ या दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात. प्रतिमा ही संहितेतील भाषिक रचना आहे. ती सर्व वाचकांसमोर सारखीच असते आणि तिच्याविषयी वाद घालता येतो, पुरावा देता येतो. मनोबिंब ही एका वाचकाच्या मनात घडणारी खाजगी घटना आहे. ती नोंदविता येते, पण तिच्यावरून कवितेला गुण देता येत नाहीत. वाचककेंद्री सिद्धान्तनाचा पुरस्कार करणाऱ्यांवर तर ही जबाबदारी अधिकच आहे. वाचकाला अर्थनिर्मितीत स्थान द्यावयाचे आणि तो वाचक मात्र एकाच मनोघडणीचा कल्पावयाचा, हा अंतर्विरोध आहे.

सर्वांत गंभीर परिणाम अध्यापनात होतो. ‘कवितेतील दृश्य डोळ्यांसमोर आणा’ असे सांगणारा अध्यापक वर्गातील एखाददुसऱ्या विद्यार्थ्याकडून त्याला न येणारी गोष्ट मागत असतो. तो विद्यार्थी दोनांपैकी एक शिकतो : न दिसलेले दिसल्याचे लिहिणे, किंवा कविता आपल्यासाठी नाही असे मानणे. पहिल्यातून उत्तरपत्रिकांतील ती ठरीव, निर्जीव वाक्ये जन्माला येतात, ज्यांविषयी आपण दरवर्षी तक्रार करतो. दुसऱ्यातून आपण एक वाचक गमावतो. आणि तो असा वाचक असतो, की ज्याला चित्राचा आधार नसल्याने शब्दांची घडण, त्यांचा क्रम, त्यांतील नकार आणि विराम यांकडेच लक्ष द्यावे लागते. सहृदयतेचे लक्षण सांगताना परंपरेने काव्यानुशीलनाने निर्मळ झालेल्या मनाची अपेक्षा केली होती. त्या मनात चित्रे लटकलेली असावीत, अशी अट तिने घातली नव्हती. ती अट आपण घातली आहे, आणि ती काढून घेणे हे आपलेच काम आहे.