बाळाची पहिली शी कधी झाली?

पोट साफ होत नाही म्हटले की आपल्याकडे गाडी थेट इसबगोलावर जाते. पाणी कमी, चोथा कमी हे बहुतेकदा खरेही असते. पण आतडे म्हणजे नुसते नळकांडे नव्हे. त्याच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे असते, 10 कोटींहून अधिक पेशींचे. स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन शाखांपैकी एक मोठ्या आतड्याच्या हालचालीला जोर देते, दुसरी ती आवरते. भिंतीतले जाळे मात्र बरेचसे काम स्वतःच्या अकलेने चालवते. हे जाळेच नसेल तर?

साधारण पाच हजारांत एका बाळाच्या बाबतीत तसे होते. गर्भात या पेशी वरून खाली सरकत येतात; काही बाळांत त्या वाटेतच थांबतात. मग गुदाशयाकडचा भाग सैल पडायला शिकतच नाही, आवळलेलाच राहतो आणि मल वर साचतो. कोपनहेगनचे डॉक्टर हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886मध्ये अशा दोन बालकांची माहिती मांडली. नजरेत भरला तो फुगलेला भाग. पुढे कित्येक वर्षे शल्यचिकित्सक त्यालाच दोषी धरत राहिले. खरा दोष खालच्या, साध्या दिसणाऱ्या अरुंद भागात होता. 1948मध्ये स्वेन्सन आणि बिल यांनी तो भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे या मुलांना खरा इलाज मिळाला.

आपल्या घरांत अजून एरंडेल, साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ हेच चालू असते. देठाने शी होते, घर निश्चिंत होते आणि निदान महिनोन्‌महिने लांबते. दरम्यान आतड्याला जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतते. म्हणून माझा आग्रह आहे की प्रसूतिगृहाने डिस्चार्ज कार्डावर वजनाशेजारी पहिल्या काळ्या शीची वेळही लिहावी. खर्च शाईचा. पूर्ण दिवसांच्या बाळाला ती बहुधा 24 तासांत होते. 48 तास उलटले, पोट फुगले, हिरवी उलटी झाली तर देठ बाजूला ठेवून बालशल्यचिकित्सक गाठावा. गुदाशयाचा बारीक तुकडा तपासून निदान पक्के होते.

दोन-तीन वर्षांच्या, आधी व्यवस्थित असलेल्या मुलाला खडा होऊ लागला तर मात्र हा आजार सहसा नसतो. तिथे पाणी, भाजी आणि शाळेतले स्वच्छ संडास यांचीच चौकशी आधी करावी.