गस्त कुणाची? बहादरपुर ते भिवंडी

बहादरपुर हा बुऱ्हाणपूरच्या तटाबाहेरचा जुना पुरा. चोऱ्या वाढल्या की अशा वस्तीत दोन मते ऐकू येतात. राखण हे पोलिसांचे काम, ठाण्यात माणसे वाढवली की झाले, हे एक. पोलीस पोचेपर्यंत चोर शीव ओलांडतो, तेव्हा पोरांच्या हाती काठ्या द्या, हे दुसरे. दोन्ही मते भाबडी आहेत, आणि दुसरे तर जिवावर बेतणारे.

पहिल्या मताची परीक्षा याच मातीत होऊन गेली आहे. 1681 च्या जानेवारीअखेर मराठ्यांचे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे घोडदळ बुऱ्हाणपुरावर आले आणि बहादरपुरासह तटाबाहेरचे संपन्न पुरे तीन दिवस लुटले गेले. मुघल सुभेदाराचा नायब काकर खान वेशी लावून आत बसला. मराठी इतिहासात ही स्वारी पराक्रमाच्या खात्यावर जमा आहे. पुऱ्यातल्या सराफाच्या ओट्यावरून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. शिबंदी फार तोकडी होती, असे यावर उत्तर येईल, आणि ते खरे आहे. पण होती तीही तटाच्या आतच राहिली. पुढे शहरातल्या प्रतिष्ठितांनी थेट औरंगजेबाला अर्ज पाठवला: संरक्षण मिळणार नसेल तर जुम्म्याची नमाज बंद करू. जाब विचारायला बादशहा गाठावा लागला, कारण जवळपास जाब देणारा कुणी नव्हता. स्वारी आणि घरफोडी एक नव्हे, हे मान्य. पण शिपाई किती, यापेक्षा ते कुणाला बांधील, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

वस्तीला राखणीत घेणे ही विलायती टूम आहे, हा आक्षेपही टिकत नाही. अबुल फझलच्या ‘आइन-ए-अकबरी’त कोतवालाची कामे सांगितली आहेत: घरांची नोंद ठेवायची, शेजाऱ्यांना परस्परांच्या मदतीला बांधून घ्यायचे, मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक प्रमुख नेमायचा, आल्यागेल्याची रोज खबर घ्यायची. चोरीला गेलेला माल मिळाला नाही तर जबाबदारी कोतवालाची. 1601 मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराच्या याच अंमलाखाली आला. दख्खनच्या गावगाड्यात जागल्या चोराचा माग काढत शिवेपर्यंत जाई. माग पलीकडे गेला की जबाबदारी पुढच्या गावावर पडे. ही व्यवस्था गोंडस नव्हती. राखण ठराविक जातींच्या माथी मारलेली होती आणि कोतवालाची खबर म्हणजे पाळतही असे. पण राखणदार कोण आणि चुकला तर भरपाई कुणाकडे मागायची, हे सगळ्यांना ठाऊक असे.

काठीवाल्या मताकडे नेमके हेच नसते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक तसेच गेले, तेही पोलिसांदेखत. दोन्हीकडे जमावाला आपण गावाचे रक्षणच करतो आहोत असे वाटत होते. बुऱ्हाणपूर पॉवरलूमचे शहर आहे. रात्रपाळी सुटलेला कारागीर केसांत कापसाचा भुगा घेऊन अंधाऱ्या बोळातून सायकल ढकलत निघतो. गस्तीवर ओळखीचा माणूस असला तर “काय, आज उशीर?” एवढ्यावर भागते. नसला तर शिट्टी वाजते, दिवे लागतात, आणि तो कोण हे ठरण्याआधी काठी उठते.

मग करायचे काय, याचे सगळ्यांत ठोस उत्तर दुसऱ्या एका पॉवरलूमच्या गावाने दिले. भिवंडीत 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसे पोलिसांसह एकत्र बसू लागली. दंगलीची वाट न पाहता, गल्लीतली भांडणे पेटण्याआधी. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समिती एकदा नेमून भागत नाही, हेही भिवंडीनेच दाखवले: जुलै 2006 मध्ये कब्रस्तानाजवळ ठाणे बांधण्याच्या वादातून तिथे गोळीबार झाला, दोन नागरिक मेले आणि जमावाने दोन पोलिसांना मारले. ज्यावरून रक्त सांडले ती इमारत पोलीस ठाण्याचीच होती!

बहादरपुरासाठी चौकट नव्याने शोधायची गरज नाही. मध्य प्रदेशात ग्राम व नगर रक्षा समित्यांचा कायदा 1999 पासून आहे. पण सणासुदीच्या बंदोबस्ताला शिट्टी आणि काठी घेऊन उभे राहण्यापुरते या समित्यांचे सदस्य वापरले, तर ते फुकटचे शिपाई ठरतात. बंद पडलेला पथदिवा, रात्रपाळीच्या सुटण्याच्या वेळा, नव्या भाडेकरूची ओळख, मागच्या चोरीच्या तपासाचे काय झाले, हे ठाण्याला तोंडावर विचारता येईल अशी नेमाची बैठक हे समितीचे खरे काम. गस्तीवरच्याचे नाव वस्तीला आणि ठाण्याला दोघांनाही माहीत हवे. त्याचा अधिकारही आखलेला आहे: डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक धरू शकतो, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते.