कानांनी टिपलेला चेंडू

जपानमधील मियोशी ताकेई यांची दृष्टी बालपणीच गेली होती. अंधांसाठी तेथे टेबल टेनिसचा एक प्रकार रूढ होता. परंतु त्यात चेंडू जाळीखालून घरंगळत जाई. शाळकरी ताकेईंना हवेतून येणारा चेंडू टोलवायचा होता. १९८४ च्या सुमारास शिक्षकांच्या साहाय्याने त्यांनी प्रयोग आरंभिले. त्यांतून जो चेंडू सिद्ध झाला तो मऊ स्पंजचा असून त्याच्या पोटात धातूचे मणी भरलेली पोकळ गोळी असते. आपटला की तो खुळखुळतो. १९९० मध्ये जपानात या टेनिसची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

मैदान साधारणतः बॅडमिंटनच्या मैदानाएवढे असते. रेषेवरील चिकटपट्टीखाली दोरी घातलेली असते. तिचा उंचवटा पायाला लागला की खेळाडूला आपली जागा कळते. सांगलीच्या हळदपेठेत रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे ज्यांनी पाहिले, त्यांना स्पर्शाचा नेमकेपणा समजावून सांगावयास नको. सर्व्हिस करणारा ‘रेडी?’ असे विचारतो, समोरचा ‘येस’ म्हणतो आणि ‘प्ले’ उच्चारल्यावरच चेंडू मारला जातो. पूर्ण अंध खेळाडूस तीन टप्प्यांपर्यंत मुभा असते. अल्पदृष्टी खेळाडूंसाठी दृष्टी अधिक तसे टप्पे कमी. पूर्ण अंधांच्या गटात सर्वांच्याच डोळ्यांवर पट्टी असते, कारण किंचित उजेड जाणवणाऱ्यालाही त्याचा लाभ मिळू नये. चेंडू जाळीत गेला तर मात्र गुण गेलाच. तेथे दयामाया नाही. गुण संपेपर्यंत प्रेक्षकांनी गप्प बसावयाचे असते. आपल्याकडे कदाचित हेच सर्वांत कठीण!

व्यापारी घरांत दृष्टी अधू असलेल्या मुलाला काही कमी पडत नाही. पेढीवर गादी असते, हाताशी माणूस असतो. खेळायला मात्र कोणी पाठवीत नाही. ‘पडेल, लागेल’ ही धास्ती. ती अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. स्वतः ताकेई जानेवारी २०११ मध्ये पडूनच गेले. परंतु मैदानावर नव्हे, टोकियोच्या मेजिरो स्थानकाच्या फलाटावरून. त्या फलाटाच्या कडेला कठडा नव्हता.

सातारा आणि सांगली येथे बॅडमिंटनचे हॉल आहेत. त्यांपैकी एखाद्यात सुतळी, चिकटपट्टी, लहान मुलांच्या आखूड रॅकेटा आणि शांततेचा एक तास एवढी सिद्धता केली तरी आरंभ होऊ शकेल. चेंडू तेवढा बाहेरून मागवावा लागेल.