तांत्रिक कट्टा : दोनशे वॅट म्हणजे नक्की किती?



मस्कतहून एका सभासदाने विचारलंय : दुकानातल्या डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला. मेकॅनिकने दोन पर्याय दिले, दोन्ही आर-१३४ए वर चालणारे. एकाच्या पत्रकावर क्षमता १६० वॅट, दुसऱ्याच्या २००. किंमत जवळपास सारखीच. मग दोनशेवालाच घ्यावा ना?

जरा थांबा. एसएससी आणि सीबीएसईचे टक्के शेजारी मांडून कोण हुशार ते ठरत नाही, तसंच इथेही आहे.

कॉम्प्रेसरची परीक्षा कॅलरीमीटरवर होते. चहूबाजूंनी इन्सुलेशन केलेल्या भांड्यात इव्हॅपोरेटर आणि विजेचा हीटर असतो. कॉम्प्रेसर जेवढी उष्णता ओढून नेईल तेवढी हीटरने परत द्यायची. सगळं स्थिरावलं की हीटरचे वॅट मोजायचे, की झाली क्षमता. पण ती कुठल्या तापमानांना मोजली, यात खरी गोम आहे.

अ‍ॅश्रेच्या नेहमीच्या अटींत इव्हॅपोरेटर उणे २३.३ अंश, कंडेन्सर ५४.४ आणि द्रव ३२.२ अंशांपर्यंत थंड केलेला. युरोपातल्या सेकोमाफच्या अटींत उणे २५, ५५ आणि द्रवही ५५ अंशांनाच. नुसता द्रव आधी थंड केला तरी आर-१३४ए दर किलोमागे सुमारे २० टक्के जास्त उष्णता ओढतो. म्हणजे कॉम्प्रेसर तोच, आकडे दोन!

दुसरी गोष्ट फ्रिक्वेन्सीची. ओमानात ५० हर्ट्‌झ, शेजारच्या सौदीत ६०. साधी मोटर ६० वर सुमारे २० टक्के जोरात फिरते, त्यामुळे तिथला आकडाही फुगतो.

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा प्रांत. एएचआरआय ५४० या मानकात कॉम्प्रेसरचं वागणं दहा सहगुणकांच्या त्रिघाती समीकरणात बसवतात; आत दोन तापमानं घाला, बाहेर क्षमता येते. मोजलेल्या टापूत हे छान चालतं, त्याबाहेर मात्र समीकरण वाट्टेल ते सांगतं. बिचाऱ्याला कॉम्प्रेसर म्हणजे काय ते कुठे ठाऊक! प्रत्यक्षात कंडेन्सरचा दाब वाढला की सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेला वायू जास्त फुगतो आणि नवा वायू कमी आत येतो. मस्कतच्या ४५ अंशांच्या दुपारी नेमकं हेच होतं, आणि फ्रीझरमधला माल खराब व्हायचा तो त्याच दुपारी.

तेव्हा दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : चाचणी कुठल्या अटींवर, किती हर्ट्‌झवर, आणि कंडेन्सर ६० ते ६५ अंशांवर असताना मोजलेली क्षमता किती. कदाचित १६०वालाच सरस निघेल. उत्तरं मिळाली की कट्ट्यावर पाठवा, मिळून ताडून पाहू.