काठीबरोबर ग्रंथही

आर्निस अथवा एस्क्रिमा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या फिलिपिन्सच्या शस्त्रविद्येचा अभ्यास करणारे आमचे वाचक, कोणते ग्रंथ वाचावेत अशी वारंवार पृच्छा करतात. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे असे की, वाचनाचा आरंभ तत्त्वज्ञानापासून न करता ज्यांनी त्या मुलखातील झुंज प्रत्यक्ष पाहिली त्यांच्या जबान्यांपासून करावा, कारण या विद्येभोवती साचलेल्या दंतकथांतून वाट काढण्यास दुसरे विश्वसनीय साधन नाही.

अशी पहिली अस्सल जबानी आंतोनिओ पिगाफेत्ता या इटालियन प्रवाशाची. २७ एप्रिल १५२१ रोजी माक्तान बेटाच्या किनाऱ्यावर तेथील सरदार लापुलापू याच्या लोकांशी लढताना स्पॅनिश मोहिमेचा नायक मॅगेलन मारला गेला, त्या झुंजीत पिगाफेत्ता त्याच्या बाजूने हजर होता आणि जखमीही झाला होता. मांडीभर पाण्यातून शिपाई चालून गेले. दूरवरून झाडलेल्या गोळ्या व बाण निष्फळ ठरले. धडावर चिलखत असले तरी पाय उघडे आहेत हे हेरून प्रतिपक्षाने पायांवरच मारा धरला, आणि अखेर डाव्या पायावर बसलेल्या रुंद पात्याच्या घावाने मॅगेलन पालथा पडला. पल्ला, जमीन आणि शत्रूचे उघडे अंग यांविषयी इतका मोलाचा पाठ क्वचितच एका वृत्तांतात सापडतो. परंतु त्यात कोणत्याही वस्तादाचे, पद्धतीचे वा वारांच्या क्रमाचे नाव नाही. म्हणून लापुलापूस आजच्या एस्क्रिमाचा आद्य आचार्य ठरविणे म्हणजे दस्तऐवजाच्या पलीकडे जाणे होय. त्या काळच्या समाजाचा, त्यातील शस्त्रांचा व सागरी स्वाऱ्यांचा तपशील हवा असेल त्याने विल्यम हेन्री स्कॉट यांचा ‘बारांगाय’ (१९९४) हा ग्रंथ वाचावा. त्यात युद्धकलेचा गाजावाजा नाही, हेच त्याचे बळ.

यानंतर वस्तादांची स्वतःची लेखणी. प्लासिदो याम्बाओ यांचे आर्निसवरील तागालोग पुस्तक १९५७ साली निघाले आणि या विषयावरील आद्य मुद्रित ग्रंथांत त्याची गणना होते. डॅन इनोसांतो यांच्या १९८०च्या पुस्तकात कॅलिफोर्नियातील स्टॉकटनच्या शेतमळ्यांवर राबलेल्या स्थलांतरित फिलिपिनो वस्तादांच्या पिढीची ओळख होते. मार्क वायली यांनी १९९७ साली अनेक जुन्या वस्तादांचे कथन एकत्र केले. हे सारे आदराने वाचावे, आणि त्यानंतर लगेच नेड नेपांगे व सेलेस्तिनो माकाचोर यांचा सेबूच्या एस्क्रिमावरील २००७चा ग्रंथ हाती घ्यावा. स्पॅनिश अमलात, किनाऱ्यावरील मोरो (दक्षिणेकडील मुस्लिम) लोकांच्या स्वाऱ्यांपासून संरक्षण करण्याच्या गरजेतून ही विद्या घडली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मान्य करावा असे आम्ही म्हणत नाही. पण पुरावा मागण्याची त्यांची वृत्ती आमच्या क्षेत्रात दुर्मीळ आहे. सेबूची एस्क्रिमा शिकविणारी ‘दोसे पारेस’ संस्था १९३२ची आणि ‘बालिन्तावाक’ १९५२ची; या ज्ञात तारखांमुळे त्यांच्या विद्येस यत्किंचितही उणेपणा येत नाही, मग सहस्र वर्षांच्या वंशावळी रचण्याचा अट्टाहास कशासाठी?

तत्त्वचिंतनाचे ग्रंथ याच्या पुढे यावेत. मियामोतो मुसाशीचा सतराव्या शतकातील ‘पाच चक्रांचा ग्रंथ’ दोन्ही हातांनी शस्त्र चालविणाऱ्या एस्क्रिमादोरास विशेष जवळचा वाटेल, परंतु तो रोजच्या मेहनतीबरोबर थोडा थोडा वाचावा, कारण आपले म्हणणे सरावानेच कळेल असे मुसाशी पुनःपुन्हा बजावतो. ऑयगेन हेरिगेल यांचे धनुर्विद्या व झेनवरील पुस्तक (१९४८) लोकप्रिय आहे. ते वाचणाऱ्याने शोजी यामादा यांनी त्याची केलेली चिकित्साही अवश्य पाहावी, म्हणजे गुरु-शिष्यांत दुभाषा असता वा नसता किती अर्थ नवा निर्माण होतो हे कळेल. जपानी झेनचे वस्त्र फिलिपिनो विद्येवर पांघरण्यास मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. सिनावाली (दोन काठ्यांचा सराव) अथवा ‘एस्पादा इ दागा’ (तलवार व कट्यार) शिकविणारा वस्ताद आपला विचार बहुधा सूत्रांत सांगत नाही. तो वार-प्रतिवारांच्या सरावातच साठवून ठेवतो, आणि तेथूनच तो वेचावा लागतो.

अशी विद्या लिहून ठेवण्याचे उदाहरण आपल्याकडे आहे: बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, त्यामुळे आपल्याकडील लाठी, पट्टा व फरीगदगा यांची माहिती लिखित रूपात उरली. त्याच धर्तीवर आमच्या वाचकांपैकी जे फिलिपिनो वस्तादांपाशी शिकत असतील त्यांनी वस्तादांच्या परवानगीने त्यांचे बोल, त्यांनी शिकविलेल्या वारांचा क्रम आणि त्यांना ती विद्या कोणाकडून मिळाली याची टिपणे, तारीख व ठिकाण यांसह लिहून ठेवावीत व आमच्याकडे पाठवावीत. पुढील अंकांपासून आम्ही त्यांस जागा देऊ.