चार थॉमस, एक एब

ऑफिसात एकाच नावाची दोन माणसं असली की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ॲड्रेस बुकात दोन अमित कुलकर्णी. अप्रेझलचा मेल जायचा एकाला, जातो दुसऱ्याला. मग आपोआप बारसं होतं. हा 'अकाउंट्सवाला अमित' आणि तो 'टेस्टिंगवाला अमित'. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम या चिमुकल्या गावानं नेमकं हेच केलं होतं. तिथे एकाच वेळी चार थॉमस लिंकन राहत होते. गावानं त्यांची सोय लावली ती धंद्यावरून : थॉमस विणकर, थॉमस गिरणीवाला, थॉमस पिंपवाला आणि थॉमस शेतकरी. शिवाय स्टीफन, डॅनियल आणि सॅम्युअल ही लिंकन मंडळी वेगळीच. एवढ्याशा गावात एवढे लिंकन म्हणजे पुढच्या वंशावळ शोधणाऱ्यांच्या डोक्याला कायमचा ताप!

यातला सॅम्युअल आपल्या कामाचा. इंग्लंडातल्या नॉरफोकमधल्या हिंगहॅमचा हा पोरगा १६३७ मध्ये एका विणकराच्या हाताखालचा शिकाऊ म्हणून बोटीत बसला आणि अमेरिकेत उतरला. आजच्या भाषेत ट्रेनी. पुढे त्याच्या वंशात अब्राहम लिंकन जन्मला. गंमत अशी की, ही गोष्ट खुद्द अब्राहम लिंकनला मरेपर्यंत खात्रीनं माहीत नव्हती.

प्रयत्न त्यानं केला नाही असं नाही. १८४८ मध्ये तो वॉशिंग्टनला नवाकोरा खासदार होता. हिंगहॅमच्या सॉलोमन लिंकननं त्याच्या घराण्याची चौकशी केली. या सॉलोमननं १८२७ मध्ये आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता, म्हणजे माणूस आपल्यातलाच, किडा असलेला. अब्राहमनं त्याला मार्चमध्ये दोन पत्रं लिहिली आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं : आजोबांचं नाव अब्राहमच, ते व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीला आले, तिथे इंडियनांच्या हातून मारले गेले, आणि त्याआधी घराणं पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत होतं. बस्स. पुढे अंधार.

त्याच सुमारास व्हर्जिनियाच्या एका खासदाराकडून त्याला कळलं की आपल्या भागातही एक लिंकन राहतो, डेव्हिड नावाचा. लगेच त्यालाही पत्र. उत्तर आलं, आणि २ एप्रिलच्या पत्रात अब्राहमनं निकाल लावून टाकला : तुमचे काका अब्राहम आणि माझे आजोबा ही एकच व्यक्ती. एका महिन्यात दोन चुलत घराणी पोस्टानं जोडली गेली, हे काही कमी नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात तो वूस्टरला मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर लेव्हाय लिंकन यांच्या घरी जेवायलाही होता. एकाच टेबलावर दोन लिंकन. दोघेही त्या शिकाऊ विणकराचे वंशज. आणि ते सिद्ध करता येईल असा कागद दोघांकडेही नाही! १८५९ च्या डिसेंबरात लिंकननं स्वतःची छोटीशी ओळख लिहून दिली, त्यातही त्यानं प्रामाणिकपणे नमूद केलं की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडू पाहिलं, पण हाती लागलं ते इतकंच की दोन्हीकडे मॉर्डेकाय, अब्राहम, सॉलोमन, लेव्हाय अशी तीच ती नावं आहेत.

आता प्रश्न असा की एवढ्या हुशार वकिलाला जे जमलं नाही, ते अवघड का होतं?

कारण त्या काळातल्या अमेरिकेत 'रेकॉर्ड' हा प्रकार गावागणिक बदलायचा. मॅसॅच्युसेट्सची गावं जन्म, लग्न, मृत्यू सतराव्या शतकापासून लिहून ठेवायची. एकदा माणूस तिथून निघून दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे सरकला की मात्र तो दिसेनासा होतो. केंटकीत जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हत्याच. राष्ट्रीय जनगणना १७९० मध्ये सुरू झाली, पण १८४० पर्यंत तीत फक्त घरच्या कर्त्या माणसाचं नाव असायचं. बायको, मुलं, म्हातारी आई, सगळे निव्वळ आकडे. १८०९ मध्ये जन्मलेलं मूल १८१० च्या जनगणनेत म्हणजे 'दहा वर्षांखालील मुलगे' या रकान्यातली एक संख्या. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली ती १८५० मध्ये. आणि १८९० ची जनगणना? तिचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर हातचे गेले.

त्यात स्पेलिंग. कारकुनाला ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. आजोबा अब्राहमच्या केंटकीतल्या जमिनीच्या कागदावर आडनाव आहे 'लिंकहॉर्न'. सर्च बॉक्समध्ये तुम्ही 'लिंकन' टाइप करत बसलात तर हा कागद सात जन्मांत सापडणार नाही. शिवाय १७५२ पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेलं पोर कधी एका वर्षाचं, कधी पुढच्या. भाऊ सहा महिन्यांच्या अंतरानं जन्मले असं दिसलं की दचकू नका, आधी कॅलेंडर बघा.

मग हा गुंता सुटला कसा? जमिनीनं सोडवला. माणूस देवाला विसरेल, गावाला विसरेल, पण एकरांना विसरत नाही, हे आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या भांडणांवरून तुम्हाला ठाऊक आहेच. १८८७ मध्ये सॅम्युअल शॅकफर्ड नावाच्या संशोधकानं लिंकनची वंशरेषा छापली, ती अशाच कागदांवर उभी होती. पेनसिल्व्हेनियात १७३६ मध्ये वारलेल्या मॉर्डेकाय लिंकनच्या मृत्युपत्रात थोरला मुलगा जॉन याला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन दिलेली होती. आता पेनसिल्व्हेनियाचा माणूस दुसऱ्याच वसाहतीतली जमीन मुलाला का देईल? कारण तो आधी तिथे राहून आला होता. आणि १७४८ च्या एका खरेदीखतात हाच जॉन ती ३०० एकर विकताना सापडतो. पुढे हा जॉन व्हर्जिनियाला गेला, त्याला 'व्हर्जिनिया जॉन' असंच म्हणतात. त्याचा मुलगा अब्राहम, त्याचा थॉमस, आणि थॉमसचा आपला एब. वरच्या बाजूला मॉर्डेकायचे वडीलही मॉर्डेकायच, हिंगहॅमच्या त्या सॅम्युअलचे चिरंजीव. झाली साखळी पूर्ण! १९०९ मध्ये ली आणि हचिन्सन यांनी लिंकनच्या पूर्वजांवर अख्खं पुस्तक केलं आणि १९२३ मध्ये वॉल्डो लिंकननं सॅम्युअलच्या वंशजांचा, आपल्या भाषेत सांगायचं तर, जाडजूड कुलवृत्तांतच छापला.

वाटेत सापळेही होते. १७३६ मध्ये वडील गेल्यावर जन्मलेला जॉनचा सावत्र भाऊ, त्याचंही नाव अब्राहम. त्यानं डॅनियल बूनच्या नात्यातल्या ॲन बूनशी लग्न केलं. म्हणजे काका अब्राहम आणि पुतण्या अब्राहम, वयात जेमतेम आठ वर्षांचं अंतर. नुसत्या नावावर भरवसा ठेवून वंशवृक्ष काढणारा इथे हमखास चुकीच्या फांदीवर जाऊन बसतो. आणि तो यॉर्कटाउनचा प्रसिद्ध जनरल बेंजामिन लिंकन? १७८१ मध्ये कॉर्नवॉलिस स्वतः आलाच नाही, त्याच्या दुय्यम अधिकाऱ्यानं ज्याच्यापुढे तलवार पुढे केली तो हा. (हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर-जनरल झाला आणि मराठ्यांना सोबत घेऊन टिपूशी लढला.) तर हा बेंजामिनही हिंगहॅमचाच, पण पिंपवाल्या थॉमसच्या वंशातला. आपल्या सॅम्युअलच्या नाही. गाव एक, आडनाव एक, शाखा वेगळी.

एक तारीख मात्र मला फार छळते. आजोबा अब्राहम मारले गेले ते १७८४ च्या आसपास, असं लिंकन समजत होता. कागद सांगतात १७८६, मे महिना. दोन वर्षांनी काय बिघडतं? सांगते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता आणि मृत्युपत्र न करता बाप गेला की सगळी जमीन थोरल्या मुलाला, असा तिथला कायदा होता. तो बदलला, पण अंमल सुरू झाला १ जानेवारी १७८७ पासून. जेमतेम आठ महिने! सगळं गेलं थोरल्या मॉर्डेकायकडे आणि आठ वर्षांचा थॉमस, लिंकनचा बाप, रिकाम्या हातानं मोठा झाला. लिंकनच्या लहानपणची ती प्रसिद्ध गरिबी कुठून आली, याचं निदान अर्धं उत्तर या एका तारखेत आहे.

व्हर्जिनियात मागे राहिलेल्या लिंकनांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे जमीन होती आणि गुलामही होते. होय, लिंकनांकडे. लिनव्हिलच्या घराण्याच्या दफनभूमीत पाच पिढ्यांच्या लिंकनांबरोबर दोन गुलामही पुरलेले आहेत. त्यांचे पूर्वज शोधायला निघालात तर वरची कुठलीच युक्ती चालत नाही. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या, त्यांत मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. गुलामांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. गुलामीतून सुटलेले सगळे नावानिशी दिसतात ते थेट १८७० च्या जनगणनेत. आजचे आफ्रिकन-अमेरिकन संशोधक या वर्षाला भिंतच म्हणतात. भिंतीपलीकडे जायचं तर ज्यांनी विकत घेतलं त्यांचीच मृत्युपत्रं आणि हिशेब चाळावे लागतात. इथे पूर्वज सापडतो तो ढोरं-भांड्यांच्या यादीत.

राहता राहिली लिंकनची आई, नॅन्सी हँक्स. खरी झोप उडवली ती हिनं. थॉमस-नॅन्सीचं लग्न झालंच नव्हतं, अशी कुजबुज लिंकनच्या विरोधकांत होती. शोधणारे हार्डिन काउंटीत शोधत राहिले, आणि नोंद निघाली दुसऱ्याच, वॉशिंग्टन काउंटीत, तीही लिंकनच्या हत्येनंतर बऱ्याच वर्षांनी. १० जून १८०६ चा मॅरेज बाँड आणि १२ जूनला लग्न लावल्याची धर्मगुरू जेसी हेडची नोंद. बाँडवर सही करणाऱ्या रिचर्ड बेरीनं नावापुढे 'गार्डियन' लिहिलंय, तेही 'गार्डिन' असं. आई कलंकमुक्त झाली. मुलगा ते बघायला नव्हता.

पण नॅन्सी स्वतः कोणाची? लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्नडन यानं लिहून ठेवलंय की, आपली आई ल्यूसी हँक्सची लग्नाबाहेरची मुलगी, असं लिंकननं त्याला सांगितलं होतं. लोकांना हे पचलं नाही. १८९९ मध्ये कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी पुस्तक काढून नॅन्सीला जोसेफ हँक्स आणि नॅन्सी शिपली असे रीतसर आईबाप मिळवून दिले. मायेपोटी केलेलं काम, पण माझ्या मते वंशावळीतला सगळ्यात मोठा धोका हाच. खोटे कागद करणारे पकडले जातात, घराण्याची अब्रू जपणारे जात नाहीत.

निकाल लागला २०१५ मध्ये, मायटोकाँड्रियल डीएनएनं. हा डीएनए फक्त आईकडून येतो आणि मुलीकडूनच पुढे जातो. नॅन्सीची मुलगी सेरा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली. खुद्द एबचा शेवटचा निर्विवाद वंशज १९८५ मध्ये वारला. त्यामुळे ल्यूसीच्या इतर मुलींच्या वंशातल्या आणि नात्यातल्या बायकांच्या बाजूनं आलेल्या माणसांचे नमुने जुळवले. निघाला एक्स वन सी हा अतिशय दुर्मीळ गट. शिपली बाद, ल्यूसी पक्की. टॉम हँक्स आपलं नातं याच हँक्स घराण्याशी सांगतो, तेव्हा पुढच्या वेळी 'फॉरेस्ट गम्प' बघताना चेहरा जरा निरखून बघा!

तुमचंही कुणी न्यू जर्सीत स्थिरावलंय आणि सासरच्या गोऱ्या आडनावाचं मूळ शोधायची हुक्की आलीय का? मॉर्मन चर्चची फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे. याच मंडळींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म करून ठेवलीय. सुरुवात सगळ्या स्पेलिंगांपासून करा आणि जनगणनेआधी जमिनीचे कागद उघडा.

नॅन्सीच्या बापाचा रकाना मात्र अजून कोराच आहे. व्हर्जिनियातला कोणी प्रतिष्ठित जमीनदार, एवढंच हर्नडन सांगतो. आईकडून येणारा डीएनए त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.